शब्द माघारी घेणारे तुळशीराममामा

तुळशीराममामा कुणाच्याही वावरात पाऊल टाकण्याआधी चपला काढून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायचे आणि ठेवताना त्यांची तोंडं न चुकता रस्त्याकडे करायचे. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा वाटलं, यामागे काहीतरी शास्त्र असेल. नारळ हातावर घेऊन जमिनीतलं पाणी पाहणाऱ्या माणसाचं सगळंच शास्त्र असतं, अशी तेव्हा माझी समजूत होती. मी विचारलं तर म्हणाले, "शास्तर कायचं आलं बाबू? पानी नाई लागलं तं चपला फिरवाले टाइम भेटत नाई. पाय घातला का पयालं." सगळे हसले. ज्याचं वावर होतं तोही हसला. त्या दिवशी एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं आणि त्या माणसाने मामांना खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं. चपला एका पोराने हातात धरून मागून आणल्या.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते माझ्या आईच्या माहेरचे, शेलूबाजारहून जीपने अर्ध्या तासावरच्या गावातले. माहेरचा माणूस म्हणून आई त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्ही मामा. उंच, वाळकी काठी, कान मोठे, सदऱ्याचं वरचं बटण कायम तुटलेलं. मामीने ते कितीदा लावलं तरी चार दिवसांत तुटायचं. घरी पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पाणी पाहण्याचा गुण वडलांकडून आला, असं लोक सांगायचे. मामा स्वतः त्याबद्दल कधी काही सांगत नसत. सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ ते उजव्या तळहातावर आडवा ठेवत, डोळे अर्धे मिटत आणि वावरात तिरपे तिरपे चालू लागत. एखाद्या जागी नारळ हळूहळू उठून उभा राही. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येई. मामा पायाच्या अंगठ्याने तिथे खूण करत आणि म्हणत, "पाहा."

त्याबद्दल ते फक्त तो नारळ घेत. बाकी काही नाही. "पान्याचा मोबदला घेतला तं हात मरते," असं त्यांच्या वडलांनी सांगितलेलं होतं. मी मात्र घेत होतो. शेलूबाजारला माझं बोअरच्या गाड्यांचं काम. दक्षिणेकडून त्या मोठ्या गाड्या यायच्या, मी त्यांना वावरं मिळवून द्यायचो. दोन-चार वर्षांत माझ्या लक्षात आलं की शेतकरी बोअरसाठी गाडी बोलावत नाही, नारळ उभा राहिला की गाडी बोलावतो. मग मी मामांना मोटरसायकलवर मागे बसवून मंगरूळपीरपासून रिसोडपर्यंत फिरवायला लागलो. पंधरा वर्षं फिरवलं.

पाणी लागलं तर मामांचा गुण. नाही लागलं तर काय बोलायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं. "झिरा सरकला." "गाडीवाल्यानं हातभर इकडं लावली." "कोणीतरी चप्पल घालून वावरात आलं होतं." एकदा तर मी एका घरच्या सुनेवर टाकलं, की ती त्या दिवसांत वावरात आली असेल. ती मान खाली घालून उभी राहिली. मामांनी यातलं एकही कारण कधी तोंडातून काढलं नाही. ते चपला घालून गुमान मोटरसायकलजवळ उभे राहायचे. त्या सुनेच्या वेळी मात्र परत येताना वाऱ्यात ओरडून म्हणाले, "दिनू, तिचं नाव कायले घेतलं बे?" मी म्हणालो, "मंग काय सांगाचं होतं मामा?" त्यावर त्यांनी तोंड बाजूच्या वावरांकडे फिरवलं. मला वाटलं, मी जिंकलो.

मामांची एकुलती मुलगी रेखा शिरपूरकडे दिलेली. जावयाच्या वावरात मामांनी जागा दाखवली आणि तिथे बोअर कोरडा गेला. दुसरी जागा दाखवली, ती कोरडी. तिसरी जागा दाखवण्याआधी मामांनी दोन दिवस उपास केला. चारशे ऐंशी फुटांपर्यंत नुसता पांढरा धुराळा उडत राहिला. गाडी मीच लावली होती. त्यानंतर जावई रेखाला घेऊन पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात मजुरीला निघाला. निघण्याआधी रेखा आईबापाला भेटायला आली. ती रडली नाही, भांडली नाही. जेवण झाल्यावर भांडी घासता घासता तिने विचारलं, "बाबा, नारळ उभा राह्यते का तुमी उभा करता?"

मामा म्हणाले, "मले ठाऊक नाई."

हे मला मामीने सांगितलं. म्हणाली, "चाळीस वर्सं झाले लग्नाले, या मानसाच्या तोंडून हे तीन शब्द मी पयल्यांदा आयकले."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांना न्यायला गेलो तर घराला कडी. शेजारच्यांनी वावराकडे बोट दाखवलं. सोयाबीन निघून गेलं होतं, धसकटं तेवढी उभी होती. त्यात मामा डोळ्यांना मामीच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून, हातावर नारळ घेऊन चालत होते आणि मामी त्यांचा कोपर धरून त्यांना फिरवत होती. मला हसू आलं. मी ओरडलो, "काय मामी, मामाले बाजारात काढलं का काय?"

"कोनी घेतलं तं देऊन टाकतो," मामी तिकडूनच म्हणाली. "दोन दिवस झाले, असेच फिरून राह्यले. माह्ये पाय दुखून गेले, माय."

मग मला दिसलं. वावरभर जागोजागी दगड ठेवलेले होते आणि जागोजागी तुराट्या रोवलेल्या होत्या. आदल्या दिवशी डोळे बांधून नारळ जिथे जिथे उभा राहिला, तिथे मामीने दगड ठेवला होता. आज त्याच वावरात, तसेच डोळे बांधून, नारळ जिथे उभा राहिला तिथे ती तुराटी रोवत होती. मामांनी पट्टी सोडली आणि आम्ही तिघं धुऱ्यावर उभे राहून पाहू लागलो. दगड एकीकडे, तुराट्या दुसरीकडे. एका जागी मात्र दगडाशेजारीच तुराटी होती.

मी म्हणालो, "ते पाहा, जमलं ना मामा!"

"तथी उतार आहे," मामा म्हणाले. "डोये बांधले तं का झालं, पायाले तं समजते."

ते धुऱ्यावरच खाली बसले. बराच वेळ नारळ हातात फिरवत होते. मग म्हणाले, "दिनू, मी खोटं बोललो नाई आजपावतर. मले वाटे नारळच बोलते. पन मले ठाऊक नाई होतं, अन् मी 'आहे' म्हनत गेलो. ठाऊक नसताना 'आहे' म्हननं, हे काय झालं मंग?"

मी त्यांना समजावलं. अर्ध्या वावरांत पाणी लागलंच होतं ना? माणसाला धीर लागतो, तो तुम्ही देता. तुम्ही नाही पाहिलं तर दुसरा कोणी पाहील, बोअर काही थांबणार नाही. हे सगळं मी मनापासून बोलत होतो. मामा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "धीर द्याचा तं आपल्या घरातून द्यावं मानसानं. पाचशे फूट दुसऱ्याच्या वावरातून देऊ नाई." आणि तो नारळ त्यांनी मामीला दिला, चटणी करायला.

मला वाटलं, रेखा गेल्याचं दुःख आहे, दोन महिन्यांत निवळेल. पण मामांनी भलतंच काढलं. एसटीच्या पासावर ते एकेका गावी जाऊ लागले. पंधरा वर्षांत जिथे जिथे जागा दाखवली होती, तिथे जाऊन हात जोडून सांगायचे, "मी तुमाले पानी दाखवलं होतं ते मले काई ठाऊक नसताना दाखवलं. लागलं असन तं तुमचं नशीब, नसन लागलं तं माह्या भरवशावर खड्डा झाला. माहा शब्द मी माघारी घेतो." ही वार्ता माझ्या कानावर आली. धंद्याचं काय होईल या भीतीने मी दोन ठिकाणी त्यांच्याबरोबर गेलो. वाटलं, मी सोबत असलो की सांभाळून घेईन.

शिरपूरला आणखी एका शेतकऱ्याचा बोअर कोरडा गेला होता, त्याने आम्हाला चहा पाजला. म्हणाला, "तुमचा काय दोष मामा? माह्याच नशिबात नव्हतं." मामा पुन्हा सांगू लागले तर त्याने त्यांचे हात धरले. "तुमी देवमानूस आहा. असं बोलू नका." बाहेर आल्यावर मामा स्टँडवरच्या बाकावर बसून म्हणाले, "शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं. हा तं मले दोष बी घेऊ देत नाई."

रिठदला उलट झालं. तिथे पाणी भरपूर लागलं होतं. त्या शेतकऱ्याने मोटरच्या खोलीत देवांच्या ओळीत मामांचा फोटो लावलेला होता, त्याला दर पोळ्याला हार असायचा. मामा म्हणाले, "तो फोटो काढून टाक बाप्पा. मले काई येत नाई." तो माणूस आधी हसला. मग त्याचा चेहरा बदलला. "तुमाले आता काय पायजे?" म्हणाला. "पानी लागून नऊ वर्सं झाले, अन् आज येऊन असं अभद्र बोलून राह्यले? चाला निंघा अथून." ज्यांचं काही गेलं नव्हतं तेच जास्त चिडत होते. हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

एवढं होऊन मामा थांबले नाहीत. मी विचारलं, "कोन मागून राह्यलं तुमाले हे?" तर म्हणाले, "कोनी मागत नाई म्हनून तं मलेच द्या लागते." आणखी एकदा म्हणाले, "जलमभर मले वाटलं, माह्याजवळ गुन आहे. तो नाई निंघाला. आता खरं बोलाचं एवढंच राह्यलं जवळ. तेबी सोडू का?" त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण एक प्रकारचं तेजही होतं, उशिरा का होईना आपलं काहीतरी सापडलेल्या माणसाचं. मला त्या तेजाचा राग यायचा.

सगळ्यात शेवटी ते स्वतःच्या गावातल्या वसंताकडे गेले. वसंता त्यांच्या भावकीतला, पण सगळ्यांसारखा तोही त्यांना मामाच म्हणायचा. त्याच्या वावरातला बोअर गावाला लागून होता आणि उन्हाळ्यात अर्धं गाव तिथून प्यायचं पाणी भरायचं. वसंता कुणाला अडवत नसे, या गोष्टीचा त्याला अभिमान होता. जागा मामांनीच दाखवलेली. होळीच्या आसपास एका सकाळी, बायका गुंड, म्हणजे घागरी, भरत असताना, मामा तिथे जाऊन उभे राहिले. काय बोलायला आले आहेत हे वसंताला ठाऊक होतं, तोवर ते सगळीकडे पसरलं होतं. त्याने पुढे होऊन मामांचे पाय धरले. "मामा, बाकीच्यायचं काईबी करा. पन माह्या बोअरवरचा शब्द माघारी नका घेऊ. तुमच्या शब्दावर आलेलं पानी आहे, शब्द गेला तं पानी जाईन."

मामांनी त्याला उठवलं. म्हणाले, "वेड्या, शब्दानं येत असतं तं माह्या पोरीच्या वावरात नसतं आलं?" आणि सगळ्या बायकांसमोर हात जोडून त्यांनी शब्द माघारी घेतला.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

त्यानंतर आठ दिवसांनी मी वसंताच्या वावरापलीकडे, नाल्याच्या वरच्या अंगाला, संत्र्याच्या एका बागेत गाडी लावली. बागेचा मालक शहरात राहायचा, गावात कुणाशी त्याचा संबंध नव्हता. तारेचं कुंपण, मोठं फाटक. सातशे वीस फूट गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी असं पाणी उसळलं की गाडीवरचे कामगार चिंब भिजले. मी त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर स्टेटसला टाकला. त्या बागेत चोवीस तास मोटर चालू झाली. पाडव्याच्या आधीच वसंताचा बोअर हवा ओढू लागला आणि पाडव्यानंतर चार दिवसांत बंद पडला. मला कळवणारा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. कारण मला त्या क्षणीच कळलं. बोअरच्या कामात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते कळण्यासाठी विचार करावा लागत नाही.

गावाने मात्र वेगळाच हिशेब मांडला. मामांनी शब्द माघारी घेतला, महिन्याच्या आत पाणी गेलं. सरळ होतं. एका सकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. मामांना बोलावलं आणि बोअरवाला म्हणून मलाही बोलावलं. बायका रिकामे गुंड घेऊनच बाजूला उभ्या होत्या. वसंता रडत होता. "माह्यं एकट्याचं नाई गेलं, गावाचं गेलं," म्हणत होता. कोणी म्हणालं, या वयात माणसाला भ्रम होतो. कोणी म्हणालं, भ्रम कायचा, पोरीकडे पाणी नाई लागलं म्हणून गावाचं पाह्यवलं नाई. मामा खांबाला टेकून ऐकत होते.

मग वसंताच्या म्हाताऱ्या आईने विचारलं. तिला दिसत कमी होतं, पण डोकं साबूत. म्हणाली, "का रे दिनू, त्या संत्र्याच्या बागेत तुवा गाडी लावली होती ना? त्याच्यानं तं नाई गेलं आमचं पानी?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मामाही.

मला एवढंच म्हणायचं होतं, की हो आजी, त्यानेच गेलं. एका वाक्याने मामा सुटले असते. पण बागेच्या मालकाची आणखी दोन कामं ठरलेली होती, आणि हे एकदा कबूल केलं असतं तर उद्या प्रत्येक गावात प्रत्येक कोरडा बोअर माझ्या नावावर चढला असता. हे मी तेव्हा इतकं स्पष्ट मनाशी म्हटलं असेन असं नाही. तोंडातून फक्त एवढं निघालं, "जमिनीतलं काय सांगावं आजी? मले ठाऊक नाई."

मामांचेच शब्द. ते खरे बोलले होते तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता, मी खोटे बोललो तर सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं ते रागाने नाही. एखादं ओळखीचं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधलेलं दिसावं तसं पाहिलं.

मग तोडगा निघाला. मामांनी वसंताच्या बोअरवर जायचं, हातात नारळ घ्यायचा आणि गावासमोर म्हणायचं, "पानी आहे." एवढंच. बाकी काही दंड नाही, काही नाही. वसंताने नारळही आणून ठेवला होता. मामी बायकांतून पुढे आली. कधी पारावर पाय न टाकलेली बाई, ती हात जोडून नवऱ्याला म्हणाली, "म्हना ना हो दोन शब्द. कोनाचं काय जाते?"

मामा म्हणाले, "माह्यं जाते."

ते उठले आणि घराकडे चालू लागले. मागून कोणीतरी शिवी दिली. त्यांच्याच वयाच्या माणसाने.

त्यानंतर गावाने त्यांना वाळीत टाकलं असं कोणी म्हणणार नाही. तसं कोणी ठरवलं नव्हतं. फक्त तूर काढायला त्यांच्याकडे कोणी मजुरीला जाईना. टँकर आला की मामीचा गुंड शेवटी लागायचा आणि बरेचदा तोवर पाणी संपायचं. लग्नाच्या पत्रिका येणं थांबलं. नव्या सुना त्यांना पाहून डोक्यावरचा पदर आणि कडेवरचं पोर दोन्ही सावरायच्या. मी अधूनमधून जायचो, किराणा नेऊन द्यायचो. मामा घ्यायचे, विचारपूस करायचे. "धंदा कसा काय?" एकदाही पारावरची गोष्ट काढली नाही. मामीने एकदा मामांदेखत म्हटलं, "याच्या एका शब्दानं लोकायचं पानी गेलं म्हन्ते, मंग याच्याच एका शब्दानं माह्या घरात येत काऊन नाई?" आणि स्वतःच हसली. मामाही हसले. मला बसवेना.

दोन वर्षांनी त्यांना कावीळ झाली, ती पोटात उतरली. वाशिमला दवाखान्यात ठेवलं होतं. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. मामी डबा आणायला गेली होती, आम्ही दोघंच होतो. मी सांगून टाकलं. बाग, गाडी, पाडवा, सगळं. सांगताना मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो. बोलून झाल्यावर वर पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले, मला वाटलं झोपले.

मग विचारलं, "किती फूट?"

"सातशे वीस."

"पानी किती लागलं?"

"चार इंच, मामा."

"बम लागलं, लय लागलं," ते म्हणाले. पाणी लागल्याचं ऐकून त्या पिवळ्या डोळ्यांत खरोखरच कौतुक आलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "मंग पारावर जाऊन सांग."

"सांगतो मामा."

"माह्यासाठी नोको सांगू. माह्यं आता काई राह्यलं नाई. मी मेल्यावर सांगतलं तरी चालते. पन सांग. त्यायले वाटून राह्यलं, पानी शब्दानं येते अन् शब्दानं जाते. हे त्यायच्या डोक्यातून गेलं नाई तं ते शब्द देनारा हुडकत राह्यतीन अन् भोकं पाडत राह्यतीन. एवढं सांगजो."

मी त्यांच्या पायावर हात ठेवून हो म्हटलं. सहाव्या दिवशी ते गेले.

रेखा पुण्याहून पोचली तोवर दुपार कलली होती. मामीने तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तुह्या प्रश्नानं लय चांगलं केलं यायचं, अन् लय वाईट केलं." रेखाने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोघींपैकी कुणी मोठ्याने रडलं नाही. मयतीला माणसं बेताचीच आली, पण वसंता आला होता. सरणाजवळ जाऊन त्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, चूकभूल माफ करा. आता तरी आमचं पानी सोडा." मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. आजूबाजूला पारावर असणारीच माणसं होती. याहून योग्य वेळ पुन्हा येणार नव्हती, हे मला कळत होतं. मी खाकरलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चाला, सूर्य बुडून राह्यला. अग्नी द्या."

त्याच वर्षी वसंताने नवा बोअर घ्यायचं ठरवलं. मामा गेले, आता अडवणारं कोणी नाही, असं त्याचं म्हणणं. गाडी मीच नेली. सहाशे फुटांपर्यंत धूळ. पुढच्या वर्षी दुसरी जागा. त्याने वावराचा एक तुकडा विकून टाकला, मोठा मुलगा शेलूबाजारला दुसऱ्याची जीप चालवतो. मी आता नारळ पाहणारा कोणी शोधत नाही. एक मशीन घेतलं आहे, त्याला छोटा पडदा आहे, वावरातून फिरवलं की टिकटिक करतं आणि रेषा काढतं. पूर्वी नारळाभोवती जमायची तशीच माणसं त्याच्याभोवती जमतात आणि तशीच श्वास धरून उभी राहतात. त्या रेषांचा अर्थ काय, मला माहीत नाही. मशीन विकणाऱ्यालाही माहीत होता असं वाटत नाही.

रेखाने मामीला पुण्याला नेलं. घर पडीक आहे. कधीतरी मामीचा फोन येतो. ती कधी विचारत नाही, पण दर वेळी शेवटी थोडा वेळ गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यात मला कळतं की मामांनी तिला सांगून ठेवलं होतं, दिनू पारावर जाणार आहे म्हणून.

हे सगळं लिहून काढलं तर हलकं वाटेल, असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. तुम्ही त्या गावचे नाही, मामांना तुम्ही पाहिलेलं नाही, तुमच्या वावरात माझी गाडी कधी लागणार नाही. तुम्हाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मामांनी मला सांगायची गरज नाही.

मागच्या बुधवारी त्याच गावात काम होतं. पारावर सात-आठ जण बसले होते. वसंताने हाक मारली, "या दिनूभाऊ, च्या घ्या." मी जाऊन बसलो. मी कितीदा ठरवलं होतं तसंच सगळं होतं. सकाळची वेळ, तीच माणसं, वसंताची आईही काठी टेकून समोरच्या दारात. कपात चहा ओतला, त्यावर साय आली, ती मी बोटाने बाजूला केली. वसंता जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, एक विचाराचं होतं. तोच जुना बोअर अजून दोनशे फूट खाली घेतला, तं लागन का पानी?"

त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी म्हणालो, "लागन."